शेक्सपिअरच्या रंगमंचाला खांब होते, हे कळलं कसं?

निळावंती

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर ग्लोब थिएटर पुन्हा बांधलंय, १९९७ पासून तिथे नाटकं होतात. काही वर्षांपूर्वी मी तिथे पाच पौंडांचं उभ्याचं तिकीट काढून नाटक बघितलं. मधलं अंगण उघडं, वर आभाळ. मी रंगमंचाला कोपरं टेकून उभी होते. निम्म्या नाटकात पाऊस आला. गॅलरीतले लोक कोरडे, नट कोरडे, आम्ही अंगणातले तेवढे भिजलो. रंगमंचावर दोन भलेमोठे लाकडी खांब आहेत, संगमरवराचे वाटावेत असे रंगवलेले. एक नट त्यातल्या एका खांबाआड उभा राहून बाकीच्यांचं बोलणं चोरून ऐकत होता. त्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. मूळ ग्लोब १५९९ चं. ते १६१३ साली जळलं, त्याच जागी दुसरं उभं राहिलं, आणि १६४२ साली पार्लमेंटने नाटकंच बंद केली. त्या इमारतीचा जमिनीवरचा एक वासाही आज उरलेला नाही. मग खांब होते, दोन होते, इथेच होते, हे सांगितलं कोणी?

वाचत गेले. पुरावा भरपूर आहे, पण तो मागे ठेवणाऱ्यांपैकी कोणालाही पुढच्या पिढ्यांना रंगमंच समजावून सांगायचा नव्हता. कोणी प्रवासात टिपण काढलं, कोणी सुताराशी भांडून कोर्टात गेलं, कोणी खर्च लिहून ठेवला. मला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडलं, म्हणून हा धागा.

आधी चित्र. योहानस द विट नावाचा एक डच माणूस १५९६ च्या सुमारास लंडनला आला. स्वान नावाचं नाटकघर त्याने आतून रेखाटलं. त्याचं मूळ रेखाटन हरवलं. त्याच्या मित्राने, फान बुखेलने, आपल्या वहीत केलेली नक्कल तेवढी उरली, आणि ती उत्रेख्तच्या ग्रंथालयात १८८८ साली सापडली. उघड्या आभाळाखालच्या त्या नाटकघरांचं आतून काढलेलं त्याच काळातलं चित्र म्हणावं तर हे एकच. त्यात गोल इमारत, तीन मजली गॅलऱ्या, अंगणात पुढे आलेला उंच रंगमंच. रंगमंचावर दोन खांब, त्यांच्यावर अर्ध्या भागापुरतं छप्पर. मागे भिंत, भिंतीत दोन मोठी दारं, वर सज्जा आणि सज्ज्यात माणसं. रंगमंचावर तीन पात्रं आणि एक बाक. बाकी काही नाही. पडदा नाही, मधलं दार नाही. गॅलऱ्या रिकाम्या. आता सज्ज्यात बसलेली माणसं प्रेक्षक की नट, यावर गेली शंभर-सव्वाशे वर्षं वाद चालू आहे.

दुसरा पुरावा कोर्टातला. १५६७ साली जॉन ब्रेनने व्हाइटचॅपलमध्ये रेड लायन नावाचं नाटकघर बांधायला घेतलं. सुताराशी बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्या कागदपत्रांत मापं आली: रंगमंच ४० फूट लांब, ३० फूट रुंद, जमिनीपासून ५ फूट उंच, एका जागी फळ्या न मारता मोकळी जागा सोडायची, आणि शेजारी ३० फुटी मनोरा. हे कागद अभ्यासकांच्या हाती १९८० च्या दशकात आले. आणि २०२० साली तिथल्या उत्खननात लाकडी बांधकामाचा एक आयत सापडल्याचं जाहीर झालं, १२.२७ मीटर बाय ९.२७ मीटर. फुटांत करून बघा.

तिसरा पुरावा मातीतला, आणि माझा जीव अडकलाय तो यात. १९८९ साली साउथवर्कमध्ये एका ऑफिसच्या इमारतीसाठी पाया खणताना रोझ सापडलं. फिलिप हेन्स्लोने १५८७ साली बांधलेलं हे नाटकघर, शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो याची नाटकं इथेच झाली. जवळजवळ चौदा बाजूंची इमारत, व्यास ७२ फुटांच्या आसपास. रंगमंच अगदीच उथळ: मागच्या बाजूला साधारण ३७ फूट, पुढे निमुळता होत २७ फूट, आणि खोली जेमतेम १६ फूट. अंगणाला रंगमंचाकडे उतार, म्हणजे मागच्या रांगेतल्यालाही दिसावं. आणि त्या अंगणाच्या जमिनीत, गॅलऱ्यांच्या कडेला धरून, एक उथळ चर. ती कोणी खणलेली नाही. गवताने शाकारलेल्या छपराच्या पागोळ्या वर्षानुवर्षं एकाच रेषेत पडून जमीन झिजली, त्याची ती चर.

कोकणातल्या कुठल्याही घराच्या वळचणीखाली ही रेघ मी लहानपणापासून बघत आलेय. चारशे वर्षांपूर्वीची वळचण कुठे संपत होती ते त्या रेघेवरून कळतं, आणि नाटक बघणाऱ्यांपैकी कोणाच्या डोक्यावर ते पाणी पडत होतं तेही.

चौथा पुरावा म्हणजे फॉर्च्यून नाटकघराचा बांधकामाचा करार. तो मी वाचलाय, पण बांधकामातल्या माणसाने त्याबद्दल लिहावं अशी इच्छा आहे. सुतारपक्षी, इकडे फिरकलात तर लिहा.

तिसरी घंटा

सुंदर लेख, ताई. पागोळ्यांचं वाचून अंगावर काटा आला.

मी तीस वर्षं बॅकस्टेजला काढली, त्यामुळे माझं लक्ष कंसातल्या सूचनांकडे जातं. त्या छापील प्रतींतल्या रंगसूचना हाही पुरावाच आहे. ‘हॅम्लेट’मध्ये भूत रंगमंचाखालून ओरडतं. म्हणजे खाली पोकळी हवी आणि तिथे माणूस हलता-फिरता हवा. तुम्ही रेड लायनची ५ फूट उंची आणि फळ्यांविना सोडलेली जागा सांगितलीत, ते इथे बरोबर बसतं. ओफेलियाची कबर रंगमंचाच्या जमिनीतल्या त्याच दारात. ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’मध्ये मरायला टेकलेल्या अँटनीला दोरांनी वर ओढून घेतात, तर वर सज्जा हवा, आणि त्याचा कठडा आडवा येता कामा नये. ‘टेम्पेस्ट’च्या शेवटी प्रॉस्पेरो पडदा बाजूला करतो आणि आत मिरांडा आणि फर्डिनंड बुद्धिबळ खेळत बसलेले दिसतात.

आता हे शेवटचं द विटच्या चित्रात कसं बसवायचं? त्यात मधे आडोसाच नाही. दोन दारं, मधे कोरी भिंत.

निळावंती

घंटाकाका, अगदी हाच वाद आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बऱ्याच जणांनी रंगमंचाच्या मागे आणखी एक ‘आतला रंगमंच’ कल्पिला होता, खोलीएवढा, पडदा लावलेला. प्रसंगच्या प्रसंग त्या खोलीत होत असत असं ते मानायचे. द विटच्या चित्राने त्याला आधार मिळत नाही, आणि तीन बाजूंनी बसलेल्या लोकांना त्या कोनाड्यातलं काही दिसणारही नाही. आता बहुतेक अभ्यासक एवढंच म्हणतात की मधे एखादं दार किंवा पडदा लावलेली खाच असावी, क्षणभर काहीतरी उघड करून दाखवण्यापुरती.

मधलं दार कुठेतरी नक्की होतं. १६०५ च्या ‘ईस्टवर्ड हो’ नाटकाची सुरुवातच अशी आहे की दोन पात्रं वेगवेगळ्या दारांनी येतात आणि मधल्या दारात सोनाराचं दुकान उघडतं. पण ते नाटक ब्लॅकफ्रायर्सचं, म्हणजे छपराखालच्या नाटकघराचं. तिथला पुरावा उचलून स्वानला लावता येत नाही.

सुतारपक्षी

निळावंतीताई, आठवण काढलीत, आभार. पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे लाकूडकाम आणि कामाचे करार दोन्ही रोजचे. फॉर्च्यूनचा करार दोन रात्री बसून वाचला.

तारीख ८ जानेवारी १६००. एका बाजूला हेन्स्लो आणि त्याचा जावई, नट एडवर्ड ॲलन. दुसऱ्या बाजूला सुतार पीटर स्ट्रीट. रक्कम ४४० पौंड. बाहेरून ८० फूट चौरस, आतून ५५ फूट चौरस. मी लगेच पडताळून बघितलं: ८० मधून ५५ गेले, उरले २५, दोन बाजूंना वाटले तर साडेबारा. आणि पुढे गॅलरीची खोली साडेबारा फूट असं स्वतंत्र लिहिलेलंच आहे. आकडे जुळतात, म्हणजे लिहिणाऱ्याला काम कळत होतं. मजले तीन: १२ फूट, ११ फूट, ९ फूट. वरचे दोन मजले १० इंच पुढे झुकवायचे. आपल्याकडच्या वाड्यांत पुढे काढलेला मजला ज्याने पाहिलाय त्याला हे लगेच डोळ्यासमोर येईल.

रंगमंच ४३ फूट लांब आणि अंगणाच्या मध्यापर्यंत. अंगण ५५ फूट, म्हणजे दोन्ही अंगांना सहा-सहा फुटांची बोळ राहते आणि रंगमंचाची खोली साडेसत्तावीस फूट. क्षेत्रफळ काढलं तर ११८० चौरस फुटांच्या वर जातं. ताईंनी दिलेल्या रेड लायनचं ४० गुणिले ३०, म्हणजे १२००. मधे तेहतीस वर्षं गेली, माणसं वेगळी, गावाची बाजू वेगळी, तरी क्षेत्रफळ जवळपास तेच. रोझचा रंगमंच मात्र या हिशेबाने ५०० च्या आसपास, निम्म्याहूनही लहान. या तीन आकड्यांनी मला चित्रापेक्षा जास्त सांगितलं.

रंगमंचाची उंची किती? करारात नाही. दारं किती? नाही. खांब किती? नाही. कारण लिहिलंय, बाकी सगळं ग्लोबच्या रंगमंचासारखं करायचं. आणि जिना नि रंगमंच कुठे यायचे ते ‘सोबतच्या नकाशाप्रमाणे’. नकाशा हरवला. वाचताना जीव हळहळला. पण करार करणाऱ्याच्या जागी बसून बघा. पीटर स्ट्रीट म्हणजे ज्याने डिसेंबर १५९८ मध्ये शोरडिचचं जुनं ‘द थिएटर’ उतरवलं आणि त्याच लाकडांचं ग्लोब उभं राहिलं तो सुतार. ग्लोबची मापं त्याच्या हातात होती. ‘त्या कामासारखं करा’ एवढं म्हटलं की दोघांना पुरतं. आजही मी गवंड्याला असंच सांगतो.

जे ग्लोबपेक्षा वेगळं हवं तेवढं मात्र नीट लिहिलंय: मुख्य खांब चौरस हवेत, आणि त्यांच्या माथ्यावर सॅटर कोरायचे, म्हणजे ग्रीक कथांतले ते अर्धे बोकड. यावरून ग्लोबचे खांब गोल असावेत असं निघतं.

आणि पाणी! ताई, तुमच्या पागोळ्या वाचल्या आणि मी उठून करार पुन्हा काढला. छपराला कौलं, आणि रंगमंचावरच्या छपराचं पाणी शिशाच्या पन्हळीतून मागच्या बाजूला पडलं पाहिजे, असं स्पष्ट कलम आहे. हेन्स्लोने रोझला तेरा वर्षं ती चर पडताना बघितली होती. हे कलम त्या अनुभवातून आलं, असं माझं ठाम मत.

वेतोबाचा शेजारी

द विटच्या चित्रातला तो एकटा बाक बघून मला आमच्या देवळातला दशावतार आठवला. आमच्याकडे मांडावर एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तेच जंगलातला दगड, तेच पलंग. लोक तिन्ही बाजूंनी बसतात. पात्र म्हणतं ‘या घोर अरण्यात’, की अरण्य झालं.

दोन्हीकडचं नातं लावायचं नाही मला, तसं काही नाही. एवढंच की ‘चित्रात सामान नाही म्हणजे चित्र अपुरं’ असं जे काही जण म्हणतात ते मला पटत नाही. बाक पुरतो. मी रात्र-रात्र बघितलंय.

तिसरी घंटा

शेजारीबुवा, बाक पुरतो हे मान्य, पण तिथे सामानही होतं. हेन्स्लोच्या मंडळीच्या सामानाची १५९८ ची यादी आहे. तिच्यात एक खडक आहे, थडगी आहेत, आणि नरकाचा जबडा आहे! सोनेरी सफरचंदांचं झाड आहे. हे सगळं दोन दारांतून किंवा खालच्या दारातून आत-बाहेर जायचं. म्हणून मी दारांच्या मापाला एवढं महत्त्व देतो. द विटने दारं चांगली मोठी, दोन-दोन फळ्यांची दाखवलीत, ते मला खरं वाटतं.

रानजाई

धागा वाचनखुणांत ठेवला.

एक विनंती. आपण सगळे ‘त्या काळचा रंगमंच’ असं एकवचनात बोलतोय. २०१६ ला शोरडिचमध्ये कर्टन खणलं. १५७७ चं नाटकघर, शेक्सपिअरची मंडळी ग्लोब व्हायच्या आधी तिथे खेळली. सगळ्यांना वाटत होतं गोल निघेल. निघालं आयताकृती, साधारण २२ मीटर बाय ३० मीटर. रंगमंच १४ मीटरच्या आसपास लांब आणि उथळ, आणि त्याच्याखालून जायला वाट. ‘पाचवा हेन्री’मधलं ‘लाकडी ओ’, म्हणजे गोल लाकडी नाटकघर, हे कर्टनला उद्देशून लिहिलंय असं कित्येक पिढ्या शिकवलं गेलं. मीही वर्गात शिकवलंय, अनेक वर्षं. बातमी वाचली त्या दिवशी माझ्या टिपणांतलं ते पान मी फाडलं.

तिथे पक्ष्याच्या आवाजाची एक मातीची शिट्टीही सापडली. रोमिओ-ज्युलिएटमधला चंडोल की नाइटिंगेल हा संवाद डोळ्यासमोर आला. नाटकात वापरली असेलच असं नाही, पण मला ती हातात घेऊन बघावीशी वाटते.

आणि खांबांबद्दल: १६१३ चा होप नाटकघराचा करार कोणी बघितला का?

सुतारपक्षी

रानजाई, बघितला. तुमच्या प्रश्नामुळेच. आणि धाग्याच्या नावाला खरं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं.

होप हे एकाच जागी नाटक आणि अस्वलांच्या झुंजी दोन्हींसाठी बांधायचं होतं. म्हणून रंगमंच घोड्यांवर ठेवलेला, उचलून नेता येईल असा. घोडे म्हणजे सुताराचे लाकडी घोडे. इमारतीचा घेर, आकार, उंची स्वानसारखी. आणि मग हे कलम: रंगमंचावरचा ‘स्वर्ग’, म्हणजे वरचं छत, रंगमंचावर एकही खांब न ठेवता पेलायचं.

करारात जे ‘नको’ म्हणून लिहिलेलं असतं, ते आधी कुठेतरी केलेलं असतं. कोणी कधी केलंच नाही त्याला कोणी बंदी घालत नाही. ‘स्वानसारखं करा, पण खांब नको’ याचा अर्थ स्वानला खांब होते. आणि द विटच्या चित्रात स्वानलाच खांब आहेत. एक डच प्रवासी आणि एक कामाचा करार, मधे सतरा वर्षं, दोघांची गाठ कधी पडली नाही, आणि दोघं एकच गोष्ट सांगतात. मला पुरावा म्हणून एवढं पुरतं.

(होपच्या करारातही शिशाच्या पन्हळी आहेतच.)

निळावंती

सुतारपक्षी, हे वाचून मी खुर्चीतून उठून घरात एक फेरी मारून आले. केवढं साधं आणि केवढं पक्कं!

यात रोझही बसतं. उत्खननात १५८७ च्या पहिल्या रंगमंचाला खांबांच्या खुणा नाहीत. १५९२ मध्ये हेन्स्लोने इमारत वाढवली, रंगमंच मागे सरकवला, आणि त्या दुसऱ्या रंगमंचाला खांबाचा पाया सापडला. त्याच्या खर्चाच्या वहीत १५९५ ला ‘स्वर्गातल्या सिंहासनासाठी’ सुताराला दिलेले ७ पौंड २ शिलिंग आहेत. वरून देव उतरवायचा तर यंत्र हवं, यंत्राला भक्कम छत हवं, छताला खांब. म्हणजे सुरुवातीपासून खांब नव्हते, देव उतरवायची हौस वाढली तसे ते आले असावेत, असं मला वाटायला लागलंय.

पानगळ

वाचनमात्र होतो, राहवलं नाही म्हणून. नव्या ग्लोबचा १०० फुटांचा व्यास कुठून आला?

रानजाई

पानगळ, बराचसा होलारच्या चित्रावरून. वेन्सेस्लास होलारने साउथवर्कच्या चर्चच्या मनोऱ्यावरून लंडन रेखाटलं आणि १६४७ ला त्याचं छापील चित्र आलं. त्यात दुसरं ग्लोब बाहेरून दिसतं. छापताना ग्लोब आणि अस्वलांच्या आखाड्याची नावं अदलाबदल झाली, ते पुढे लक्षात आलं. त्याचं मूळ रेखाटन मापात आहे असं धरून हिशेब केला. १९८९ च्या शेवटी खऱ्या ग्लोबचा एक छोटासा तुकडा, जेमतेम पाच टक्के, खणता आला. बाकीचा भाग जुन्या संरक्षित घरांखाली आहे. त्या तुकड्यावरून वीस बाजू आणि शंभर फूट धरले गेले. नंतर काही अभ्यासकांनी त्याच तुकड्यावरून लहान आकडा काढलाय.

छपराचं मात्र पक्कं आहे. पहिल्या ग्लोबचं छप्पर गवती होतं. १५९९ ला थॉमस प्लॅटर नावाच्या स्विस प्रवाशाने गवताने शाकारलेल्या नाटकघरात ज्युलियस सीझरचं नाटक बघितल्याचं लिहिलंय, आणि २९ जून १६१३ ला नाटकात तोफ उडवली तेव्हा त्या गवतानेच पेट घेतला. दुसऱ्या खेपेला कौलं घातली.

वेतोबाचा शेजारी

रोझ आता बघायला मिळतं का? पुढच्या वर्षी मुलीकडे जायचा बेत आहे.

निळावंती

शेजारीदादा, जागा आहे, वर ऑफिसची इमारत उभी आहे आणि खाली तळघरात रोझ. १९८९ ला नटनट्यांनी रस्त्यावर येऊन ते वाचवलं. लॉरेन्स ऑलिव्हिए आणि पेगी ॲशक्रॉफ्टसारखी माणसं त्यासाठी बोलली. शेवटी इमारतीच्या पायाचे खांब अवशेषांना टाळून घातले. जाण्याआधी उघडं असतं का ते मात्र विचारून घ्या.

अवशेष डोळ्यांना दिसत नाहीत. माती वाळली तर तडे जातात, म्हणून त्यावर वाळू आणि काँक्रीटचा थर आहे आणि वर पाणी भरून ठेवलंय. अंधारात त्या पाण्याखाली लाल दिव्यांच्या दोऱ्यांनी भिंतींची आणि रंगमंचाची रेघ आखलेली आहे. मी गेले तेव्हा कठड्यापाशी उभी राहून आधी रंगमंच शोधला, मग अंगण. पागोळ्यांची चर साधारण कुठे येईल ते मनात मोजलं. वर कुठूनतरी एक थेंब पाण्यात पडला आणि लाल रेघ हलली.